आमचं घर पूर्वी क्वेकरांचं मीटिंग हाऊस होतं – मधला माळा काढावा की राहू द्यावा?

उंबरठा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पण मागच्या आठवड्यात पुरणपोळीच्या धाग्यावर सहज लिहून गेले की आमचं घर म्हणजे जुनं प्रार्थनास्थळ आहे आणि बागेला लागून थडगी आहेत, तर सगळ्यांनी पुरण गॅसवर सोडून तेच धरून ठेवलं. म्हणून हा वेगळा धागा. शिवाय मला सल्लाही हवाय, तो शेवटी.

आम्ही राहतो इंग्लंडच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्ट आणि यॉर्कशायर डेल्स यांच्या मधल्या पट्ट्यात. गावाचं नाव देत नाही, मोजून नऊ घरं आहेत, लगेच सापडेल. हा सगळा भाग क्वेकर लोकांचं माहेर. क्वेकर म्हणजे गप्प बसून उपासना करणारा एक ख्रिश्चन पंथ, आणि त्यांच्या जमायच्या जागेला ते मीटिंग हाऊस म्हणतात. त्यांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स १६५२ साली इकडे चालत आला आणि सेडबर्गजवळ फर्बँक फेलच्या माळावर एका खडकावर उभं राहून त्याने तासन् तास भाषण केलं. शेजारी चॅपल होतं, पण आत गेला नाही. त्याचं म्हणणं, चर्च म्हणजे माणसं, दगडविटा नव्हेत. नेहमीच्या चर्चला तो ‘स्टीपल-हाऊस’ म्हणायचा, म्हणजे आपल्या भाषेत कळसवालं घर, आणि ते कौतुकाने नव्हे!

आता ज्याचा इमारतीवरच विश्वास नाही तो इमारत कशी बांधणार? पहिली कितीतरी वर्षं जवळजवळ बांधलीच नाही. आणि उघडपणे बांधायची सोयही नव्हती म्हणा, कारण १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाच किंवा जास्त लोक सरकारी चर्चच्या बाहेर उपासनेला जमले तर गुन्हा होता. लोक शेतकऱ्यांच्या घरात, गोठ्यात, बागेत जमायचे आणि तुरुंगात जायचे. लंडनला हॉर्सलीडाऊनचं मीटिंग हाऊस १६७० मध्ये सैनिकांनी पाडलं तर ही मंडळी त्याच ढिगाऱ्यावर जमायला लागली. १६८९ ला टॉलरेशन ॲक्ट आला तेव्हा कुठे रीतसर नोंद करून जागा चालवता यायला लागली. त्यात एक मजेशीर अट होती, सभा चालू असताना दाराला कडी-कुलूप नको. आत काय शिजतंय ते सरकारला कळायला हवं ना.

आमचं घर त्या कायद्यानंतर थोड्याच वर्षांत बांधलेलं. बाहेरून बघाल तर इथल्या कुठल्याही शेतकऱ्याचं घर वाटेल. अनघड दगडाच्या दोन फुटी भिंती, वर चुन्याची सफेदी, छपरावर दगडाच्याच पाट्या, त्या खाली मोठ्या आणि आढ्याकडे लहान लहान होत जातात. कळस नाही, घंटा नाही, क्रूस नाही. गावातल्या गवंड्याला घर बांधता येत होतं, त्याने घर बांधलं, इतकं साधं.

आत मात्र वेगळं. एकच मोठी खोली, साधारण पंचवीस फूट लांब, वर ओकच्या तुळया. एका टोकाला दोन पायऱ्यांवर लाकडी बाक, पुढे कठडा, मागे भिंतीला फळ्या. तिथे गावातली जाणती माणसं तोंड लोकांकडे करून बसायची, बाकीचे त्यांच्याकडे तोंड करून. वेदी नाही, व्यासपीठ नाही, पुजारी तर मुळातच नाही. सगळे गप्प बसायचे, कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलायचा, मग पुन्हा शांतता. तासभर कुणी बोललंच नाही तरी सभा झाली. खिडक्या इतक्या उंच की बाकावर बसल्यावर फक्त आभाळ दिसतं, शेजाऱ्याच्या मेंढ्या दिसत नाहीत.

दुसऱ्या टोकाला लाकडी पार्टिशन आणि त्यापलीकडे बायकांची छोटी खोली, जे आता आमचं किचन आहे.

तर प्रॉब्लेम असा. १९७० च्या दशकात हे घर झालं तेव्हा त्या वेळच्या मालकांनी मोठ्या खोलीच्या अर्ध्या भागात मधेच माळा घालून वर दोन बेडरूम काढल्या. माळा नेमका उंच खिडकीच्या मधोमध जातो. म्हणजे वरच्या खोलीत खिडकी जमिनीला टेकलेली, वाकून बघावं लागतं, आणि खालच्या बाजूला खिडकीचं डोकं छतात घुसलेलं. पार्टिशनवर त्यांनी प्लास्टरबोर्ड ठोकून टाकलंय. मला माळा काढून खोली पुन्हा एक करायचीय. नवरा म्हणतो, दोन बेडरूम देऊन एक रिकामी जागा विकत घ्यायची हा कुठला व्यवहार.

काय करावं?

वऱ्हाडी_ठेचा

माळ्याचं मंग पाहू, आधी थडग्याचं सांग ना माय. रात्री पाणी प्यायले उठलीस आन् खिडकीतून पाह्यलं तं काय दिसते तुले? आमच्या गावात स्मशानाकडच्या वावराले गिऱ्हाईक भेटत नाई अन् तू पैसे मोजून तिथं राह्यतेस! आपली तं बा हिंमत नाई.

सोनचाफा

मस्त लिहिलंयस गं! वास्तुशांत केलीत का? आणि मला खरंच समजत नाहीये की एवढं जुनं प्रार्थनास्थळ त्यांनी विकलं कसं, आपल्याकडे पिंपळाखालचा शेंदूर लावलेला दगड हलवायचा तरी अख्खं गाव गोळा होतं.

खादाडखाऊ

क्वेकर म्हणजे ते ओट्सच्या डब्यावरचे टोपीवाले आजोबा का? मग तुम्हाला डिस्काउंट मिळत असेल :)

उंबरठा

@खादाडखाऊ, ओट्सवाल्यांचा क्वेकरांशी काडीचा संबंध नाही, अमेरिकन कंपनीने प्रामाणिक माणसाची प्रतिमा म्हणून नाव आणि चित्र उचललं. खरे क्वेकर धंदे म्हणजे कॅडबरी, राउनट्री, क्लार्क्सचे बूट, बार्कलेज आणि लॉइड्स बँक. या लोकांना विद्यापीठं बंद, सरकारी पदं बंद, मग धंद्यात शिरले, आणि एकच भाव सांगतात म्हणून गिऱ्हाईक टिकलं.

@वऱ्हाडी_ठेचा, रात्री दिसतं ते गवत आणि शेजाऱ्याची मांजर. थडगी तशी फार दिसतही नाहीत. क्वेकरांना थडग्यावर दगड लावणं हाच बडेजाव वाटायचा, कितीतरी वर्षं लावूच देत नव्हते. १८५० मध्ये परवानगी मिळाली, ती पण सगळे दगड साधे आणि सारखे असतील या अटीवर. त्यामुळे आमच्याकडे कुंपणाच्या कडेला गुडघ्याइतके बुटके, वरून गोल असे अकरा दगड आहेत, नाव आणि तारीख, बास. कर्नल नाही, रावसाहेब नाही, ‘प्रेमळ पिता’ नाही. तारखेतही महिन्याचं नाव नाही, नुसता आकडा, कारण जानेवारी-मार्च ही रोमन देवांची नावं ना, ती यांना चालत नसत. त्याआधीची माणसं गवताखाली कुठे आहेत कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तिथे आम्ही कुदळ मारत नाही. तो तुकडा आमच्या मालकीचाही नाही, क्वेकरांनी घर विकताना तेवढा स्वतःकडे ठेवला आणि जायची वाट कागदावर लिहून घेतली. वर्षातून एकदा कुणीतरी येतं, गवत कापतं, चहा घेऊन जातं.

@सोनचाफा, वास्तुशांत नाही केली, सत्यनारायण केला, सासूबाईंसाठी. आणि विकलं कसं, तर गावातले क्वेकर संपले. कुणी अमेरिकेला गेले, कुणी कापडाच्या गिरण्यांकडे, कुणी क्वेकर नसलेल्याशी लग्न केलं म्हणून समाजाने वगळले, १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत हा नियम होता. चार म्हाताऱ्या उरल्या आणि मग कुलूप. पण विकताना कुठला विधी करावा लागला नाही. चर्च विकताना त्याचं पावित्र्य काढून घ्यायचा रीतसर सोपस्कार असतो. इथे पावित्र्य घातलंच नव्हतं तर काढणार काय? यांच्या दृष्टीने हे मीटिंग हाऊस जितकं पवित्र तितकाच शेजारचा गोठा.

स्पष्टवक्ता

राग मानू नका पण यात आर्किटेक्चर काय आहे? चार भिंती, एक छप्पर, उंच खिडक्या. आमच्या सोसायटीचा कम्युनिटी हॉल असाच आहे. गोऱ्यांचं गोडाऊन असलं तरी हेरिटेज आणि आपल्या हेमाडपंती देवळांवर ऑइल पेंट. गरीब लोक होते, पैसे नव्हते म्हणून साधं बांधलं, त्याला उगाच तत्त्वज्ञान चिकटवायचं.

चुनाभट्टी

ऑइल पेंटबद्दल १००% सहमत. बाकी असहमत. मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, इंग्लंडला एका ट्रेनिंगसाठी गेलो होतो तेव्हा दोनचार मीटिंग हाऊस पाहिलीत. हर्टफर्डचं १६७० चं, बांधलं तेव्हापासून क्वेकरांच्याच वापरात आहे, त्याहून जुनं असं दुसरं नाही म्हणतात. आणि ब्रिगफ्लॅट्स, जे धागाकर्तीच्या जवळच असणार, १६७५ चं. तिथे जिन्याच्या पायथ्याशी एक छोटा लाकडी कोंडवाडा आहे, कशासाठी सांगा? मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी! मालक आत ध्यान करणार तोवर कुत्री तिथे बसणार. ज्या माणसाने हे डिझाइन केलं त्याला त्याच्या सभेला कोण कोण येतं हे नीट माहीत होतं, हे मला कुठल्याही घुमटापेक्षा भारी वाटतं.

आणि गरिबीचं म्हणाल तर ओकच्या त्या फळ्यांचे सांधे कधी हात फिरवून बघा. कोरीवकाम एक इंचही नाही पण सांधा असा की नख जाणार नाही. नक्षी असली की सुताराची चूक झाकली जाते, साध्या फळीत झाकायला जागाच नसते. हे स्वस्तातलं काम नाही.

उंबरठाताई, तुम्हाला एक महत्त्वाचा प्रश्न. भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, कशाने भरल्यात?

उंबरठा

अरे देवा, दुखऱ्या नसेवर हात ठेवलात. सिमेंट!

आमच्या आधीच्या मालकांनी कुणा बिल्डरकडून उत्तरेची पूर्ण भिंत सिमेंटने भरून घेतली आणि आतून सिमेंटचाच गिलावा. आम्ही आलो त्या हिवाळ्यात आतल्या बाजूला कमरेपर्यंत ओल, कपाटातल्या साड्यांना वास, रंगाचे पोपडे हातात यायचे. एकाने येऊन भिंतीत भोकं पाडून केमिकल भरायचा खर्च सांगितला, आकडा ऐकून नवरा दोन मिनिटं क्वेकर झाला.

चुनाभट्टी

:) केमिकल अजिबात भरू नका. जुन्या दगडी भिंतीला पाया असा नसतोच, खाली डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर) नाही, ती पाणी पिणार आणि चुन्याच्या दरजांमधून परत हवेत सोडणार, हा तिचा श्वास. सिमेंट लावलं की नाक दाबलं. पाणी आत अडकतं, मग दगडातून मार्ग काढतं, थंडीत गोठतं, दगडाचा पापुद्रा उडतो. सिमेंट काढा, हलक्या हाताने, छिन्नीने, ग्राइंडरने नाही, आणि चुना भरा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर चढली असेल तर तीही उकरून खाली न्या, तीनशे वर्षांत माती चढतेच.

आमच्याकडे हीच रड आहे. वाड्याच्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारतात, दोन पावसाळ्यांत भिंत फुगते आणि मग म्हणतात वाडा धोकादायक झाला. पूर्वी चुन्याच्या घाण्याला बैल लावून चुना मळायचे, त्यात गूळ, बेलफळ, कुठे उडदाचं पाणी, तो गिलावा अजून टाचणी आत घेत नाही. आता चुना मळणारा माणूस शोधायला मला चार जिल्हे फिरावे लागतात. तुमच्याकडे निदान तयार पोती मिळतात.

उंबरठा

हो, मिळतात. आणि तेच केलं शेवटी, थोडं थोडं करत दोन उन्हाळे लागले, आणि बाहेरची माती जवळजवळ फूटभर खाली गेली. ओल गेली असं नाही म्हणणार पण साड्यांचा वास गेला.

फिलीकर

वा, माझ्या आवडीचा विषय. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, इकडे तर दर काही मैलांवर मीटिंग हाऊस. विल्यम पेन या क्वेकराने वसवलेला पेनसिल्व्हेनिया प्रांत हा. सुरुवातीला इंग्लंडसारखंच लहानमोठं, पण पुढे इकडे एक ठराविक साचा तयार झाला. बकिंगहॅमचं १७६८ चं मीटिंग हाऊस त्याचा नमुना मानतात, दगडी, दोन मजली, आणि समोर दोन सारखी दारं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं जुळं घर आहे, दोन भावांची वाटणी झालेली! नंतर कळलं एक दार पुरुषांचं, एक बायकांचं, आत मधोमध सरकत्या लाकडी फळ्यांची भिंत आणि दोन्हीकडच्या खोल्या एकाच मापाच्या. मोठ्या मीटिंग हाऊसांमध्ये त्या फळ्या उचलायला वर पोटमाळ्यात रहाटासारखं चाक असायचं.

तुमच्याकडे बायकांची खोली ‘छोटी’ आहे म्हणालात, इकडे सारखी. साहेबापेक्षा अमेरिका बरी म्हणायची का मग?

स्पष्टवक्ता

म्हणजे शेवटी बायकांना वेगळं बसवायचंच. आपल्याकडे केलं की मागासलेपणा, यांनी केलं की आर्किटेक्चर.

उंबरठा

@स्पष्टवक्ता, मलाही आधी असंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ते उलटं आहे, निदान अर्धं तरी.

रविवारच्या मौनाला फळ्या उघड्या असायच्या, सगळे एकत्रच. बाईला आतून बोलावंसं वाटलं तर तीही उठून बोलायची, जेव्हा चर्चमध्ये बाईने तोंड उघडणं म्हणजे कलियुग होतं तेव्हा. फळ्या बंद व्हायच्या ते कामकाजाच्या सभेला. फॉक्सने १६७० च्या दशकात आग्रह धरला की बायकांची कामकाजाची सभा स्वतंत्र हवी, कारण पुरुषांसमोर त्या मोकळं बोलणार नाहीत. त्यांचं इतिवृत्त वेगळं, पैशांची पेटी वेगळी. लग्न ठरवायचं असलं तर जोडप्याने बायकांच्या सभेपुढेही उभं राहायचं. यावरून क्वेकरांमध्येच केवढी भांडणं झाली, काही पुरुषांना पटेना की लग्न करायला बायकांच्या कमिटीपुढे का जायचं.

अर्धं का म्हटलं, तर पैशांची मोठी कामं आणि शेवटचा शब्द पुरुषांच्या सभेचाच राहिला. १८९६ मध्ये कुठे लंडनच्या वार्षिक सभेत बायकांना बरोबरीने घेतलं. आणि आमची बायकांची खोली मोठ्या खोलीच्या निम्मीही नाही, तेव्हा @फिलीकर, हो, या बाबतीत अमेरिका बरी.

पण मला त्या फळ्यांचं अप्रूप याचसाठी आहे. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी भिंत अशी केली की ती मनात आलं तर भिंत आणि मनात आलं तर नाही. आणि आम्ही त्यावर ठोकलेल्या प्लास्टरबोर्डवर कॅलेंडर लटकवलंय.

सोनचाफा

मग आधी ते प्लास्टरबोर्ड काढ ना! माळ्याचं नंतर बघ.

सेवाग्रामची_सून

धागा वाचून राहवलं नाही. माझं सासर वर्धा, सेवाग्राम अगदी जवळ. मार्जोरी साइक्स या क्वेकर बाई तिथे नई तालीमच्या (गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या) कामात कितीतरी वर्षं होत्या, आमच्या सासऱ्यांनी त्यांना पाहिलेलं, खादी नेसलेल्या, शुद्ध हिंदी बोलणाऱ्या. आणि दुसरे लॉरी बेकर, ते बर्मिंगहॅमचे क्वेकर आर्किटेक्ट. युद्धाच्या काळात चीनमधून परत जाताना जहाजाची वाट बघत मुंबईत अडकले आणि तिथे गांधीजींची भेट झाली. बेकरांच्या पायात कापडाच्या चिंध्यांचे स्वतः शिवलेले बूट होते, गांधीजींचं लक्ष आधी त्या बुटांकडे गेलं म्हणतात. घर बांधायचं सामान घरापासून पाच मैलांच्या आत मिळायला हवं, हे गांधीजींचं वाक्य बेकर आयुष्यभर सांगत राहिले आणि केरळात तसंच बांधत राहिले, गिलावा न केलेल्या विटा, जाळ्यांच्या भिंती.

उंबरठाचं घर वाचताना मला बापूकुटीच आठवली. कुडाच्या भिंती, कौलं, जमिनीवर चटई. शाळेची मुलं येतात, ‘आत काय आहे’ विचारतात, ‘काही नाही’ म्हटलं की हिरमुसतात. पण काढण्यासारखं सगळं आधीच काढलेलं असतं अशा जागेत तुम्ही एक कपाट जरी आणून ठेवलं तरी ते ओरडतं. म्हणून माझं मत, माळा काढा.

घरजावई

मी नवऱ्याच्या बाजूने. सॉरी. दोन बेडरूम म्हणजे इंग्लंडात काय किंमत असते माहितीये का? शिवाय पंचवीस फूट लांब आणि उंच खोली हिवाळ्यात तापवणार कशी, सगळी ऊब वर तुळयांना. आणि धागाकर्ती स्वतःच सांगतायत की क्वेकरांना इमारत पवित्र नव्हती. मग पन्नास वर्षांपूर्वी कुणी माळा घातला तर तोही या घराच्या इतिहासाचा भाग झाला ना? वाड्यात पण आजोबांनी घातलेली पार्टिशनं असतातच की.

चुनाभट्टी

घरजावईंचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इतिहास कुठल्या सालापर्यंतचा ठेवायचा हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना वाद. ससेक्समध्ये ब्लू आयडल नावाची जागा आहे, ते मुळात साधं लाकडी सांगाड्याचं राहतं घर. १६९१ मध्ये क्वेकरांनी त्याच्या एका भागातला मजला काढून मीटिंग हाऊस केलं. म्हणजे तुमच्या बरोब्बर उलट! तिथे कुणी म्हणत नाही की मजला परत घाला.

पण फरक बघा. यांनी घराचं मीटिंग हाऊस केलं ते एक मजला काढून, आणि मीटिंग हाऊसचं घर होतं ते मजला घालून. बाकी दारं, छप्पर, भिंती, काहीच बदलावं लागत नाही. म्हणजे घर आणि मीटिंग हाऊस यांत फरक काय तर तो मधला रिकामा भाग. तो बुजवला की उरतं ते नुसतं शेतकऱ्याचं घर, जे चांगलंच असतं, पण तशी त्या पट्ट्यात हजार आहेत.

लिस्टेड बिल्डिंग (सरकारी वारसा यादीतली) असेल तर माळा काढायलासुद्धा परवानगी लागेल बरं का. आपल्या मनाने काढलात तर फौजदारी गुन्हा आहे तिकडे.

उंबरठा

हो, ग्रेड टू लिस्टेड आहे. आपल्याच घरातला दुसऱ्याने घातलेला माळा काढायला अर्ज. कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशनवाल्या बाई येऊन गेल्या, खूप छान होत्या, तासभर तुळयाच बघत बसल्या. तुळयांवर सुतारांनी कोरलेले रोमन आकडे आहेत, खाली जमिनीवर छपराची कैची जुळवताना कुठला तुकडा कुठे बसतो त्याच्या खुणा. मला इतके दिवस ते उंदरांनी कुरतडलंय असं वाटत होतं.

@घरजावई, तापवायचं म्हणाल तर तुमचं खरं आहे. डबल ग्लेझिंगही करू देत नाहीत, जुनी तावदानं आहेत, आतून दुसरी काच लावलीय. स्टोव्ह आहे, आणि स्वेटर आहेत. पूर्वी लोक इथे टोपी घालून बसायचे, कुणी प्रार्थना करायला लागलं तरच काढायचे. माणसापुढे टोपी काढायची नाही, राजापुढेसुद्धा, म्हणून तुरुंगात गेलेले लोक. मला वाटतं थंडीचाही थोडा हात असावा :)

वऱ्हाडी_ठेचा

हे टोपीचं लय आवडलं आपल्याले. बाकी ते अकरा दगडांचं वाचून भेव गेलं जरा. येतो एखाद खेप, पण दिवसा.

उंबरठा

अपडेट: सात महिन्यांनी धागा वर काढतेय, ज्यांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं त्यांचे आभार.

सोनचाफाचं ऐकलं, आधी प्लास्टरबोर्ड काढलं. खाली फळ्या शाबूत! ओकच्या, वर पांढऱ्या ग्लॉस पेंटचे थरावर थर. वरच्या अर्ध्या फळ्या खिडकीसारख्या खोबणीत वर-खाली सरकतात, बाजूला भिंतीच्या पोकळीत दोरीला वजनं. दोऱ्या अर्थातच कुजलेल्या, एक वजन तर नवऱ्याच्या पायाशीच येऊन पडलं. रंग काढायला अकरा रविवार गेले. हीट गन वापरायची नाही, शिशाचा रंग असतो, धूर विषारी, म्हणून लेप लावायचा, प्लास्टिकने झाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सोलायचा, पुरणपोळी तव्याला चिकटल्यावर सोडवतो तसा.

माळ्याबद्दल तोडगा निघाला. किचनच्या वर एक अडगळीची खोली होती ती बेडरूम केली, आणि माळ्याचा खिडकीकडचा भाग काढायचा अर्ज दिला, मागचा राहील. म्हणजे खिडकी पूर्ण मोकळी, एक बेडरूम वाचली. चुनाभट्टींना हे अर्धवट वाटेल, मलाही वाटतं. मंजुरी आली, काम एप्रिलमध्ये.

गवत कापायला दरवर्षी येतात त्या आजी या वेळी आत आल्या. ऐंशीच्या पुढच्या. लहानपणी आजोबांबरोबर याच खोलीत यायच्या. मी चहाचं विचारलं तर म्हणाल्या थांब जरा, आणि बाकावर बसल्या. मीही बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, फ्रिजचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. मग उठल्या आणि म्हणाल्या, बाक तेव्हाही असाच टोचायचा.

सोनचाफा

हाहाहा! आजी ग्रेट. आणि फळ्या वर जातात का मग आता?

उंबरठा

एक जाते. दोन फूट वर गेली की अडकते, दोरी अजून बदलायचीय म्हणून खाली लाटणं उभं करून टेकवलीय. सध्या आई आलीय इंडियातून, तिने पहिल्याच दिवशी शोध लावला की किचनमधून तिथून हात घालून चहा आणि भजी थेट बाहेर देता येतात.

सेवाग्रामची_सून

म्हणजे बायकांच्या स्वतंत्र सभेची भिंत, आणि आता तिच्यातून पुरुषांना चहा?

उंबरठा

हो ना. मी आईला सगळा इतिहास सांगितला, १६७० पासून. तिने शांतपणे ऐकून घेतला, लाटणं काढलं, फळी खाली केली आणि पलीकडून ओरडली, ज्याला चहा पाहिजे त्याने आत येऊन कप विसळा.